विन्सेंट डी पॉल सोसायटीचे सदस्यत्व : मिरजेतील अनुभवावरून एक परीक्षण

‘सोसायटी ऑफ सेंट व्हिन्सेंट डी पॉल’ ही कॅथलिक प्रापंचिकांची, म्हणजे धर्मगुरू किंवा धर्मभगिनी नसलेल्या सामान्य श्रद्धावंतांची, सेवासंघटना आपल्याकडील अनेक धर्मग्रामांत (एका चर्चशी जोडलेल्या स्थानिक समाजांत) काम करते, तरी तिच्याविषयीची बहुतेकांची कल्पना चर्चच्या दाराजवळची दानपेटी आणि नाताळपूर्वी होणारे धान्यवाटप एवढ्यावरच थांबते. मी मिरजेत राहते, बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाले आहे आणि काही वर्षांपासून आमच्या धर्मग्रामातील कॉन्फरन्सची, म्हणजे या संघटनेच्या स्थानिक गटाची, सदस्य आहे. या सदस्यत्वात माणसाला काय मिळते, त्याला काय द्यावे लागते आणि ते कोणाला मानवेल, याचा विचार करणाऱ्यांसाठी हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच स्पष्ट करते. देणगी देऊन मोकळे होण्याची ज्याची इच्छा आहे, त्याने देणगी अवश्य द्यावी, परंतु सदस्य होऊ नये. ज्याला आठवड्यातील ठरावीक वेळ काढता येतो आणि दुसऱ्याच्या घरी बसून त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेण्याची ज्याची तयारी आहे, त्याला याहून योग्य जागा मला सुचवता येणार नाही.

संघटनेची सुरुवात १८३३ साली पॅरिसमध्ये झाली. आदल्याच वर्षी त्या शहरात कॉलऱ्याने हजारो माणसे दगावली होती आणि कामगार वस्त्यांतील दैन्य सर्वांच्या डोळ्यांसमोर आले होते. कायद्याचे शिक्षण घेणारा फ्रेडरिक ओझानाम हा तरुण आपल्या मित्रांसह वादसभांमध्ये ख्रिस्ती श्रद्धेची बाजू मांडत असे. अशाच एका वादात प्रतिपक्षाने त्यांना विचारले की, तुमच्या धर्माने पूर्वी मोठी कामे केली असतील, पण आज तुम्ही स्वतः गरिबांसाठी काय करता? २३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे ओझानामला २० वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, इमॅन्युएल बेली या वडीलधाऱ्या संपादकाच्या कार्यालयात ही मंडळी जमली आणि पहिली सभा झाली. गरिबांकडे जायचे कसे, तेथे बोलायचे काय आणि द्यायचे काय, याची या विद्यार्थ्यांना काहीच माहिती नव्हती. मुफ्तार या अत्यंत गरीब वस्तीत वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या सिस्टर रोझाली रेंदू यांनी त्यांना घरे दाखवली, कुटुंबांच्या याद्या दिल्या आणि पाव व सरपण मिळण्याच्या चिठ्ठ्या कशा वाटायच्या हे शिकवले. सतराव्या शतकात गरिबांसाठी आयुष्य वेचलेल्या संत विन्सेंट डी पॉल यांना त्यांनी आपले आश्रयदाते मानले आणि १८३५ मध्ये संघटनेची पहिली नियमावली तयार झाली. भारतात पहिली कॉन्फरन्स १८६३ मध्ये स्थापन झाली. ओझानाम पुढे सॉर्बोन येथे परकीय साहित्याचे प्राध्यापक झाले, ४० व्या वर्षी वारले आणि १९९७ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले. सिस्टर रोझाली यांनाही २००३ मध्ये तोच मान मिळाला.

हा इतिहास मी सांगितला, कारण आजच्या कामाची सारी घडण त्यातून आलेली आहे. संघटना प्रापंचिकांची आहे. धर्मगुरू तिचे आध्यात्मिक मार्गदर्शक असतात, परंतु अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव आणि खजिनदार हे सदस्यांमधूनच येतात. सर्वांत लहान घटकाला कॉन्फरन्स म्हणतात. अनेक कॉन्फरन्सची मिळून कौन्सिल असते, तिच्यावर राष्ट्रीय कौन्सिल असते आणि जगातील सुमारे १५० देशांत पसरलेल्या या कामाचे आंतरराष्ट्रीय कार्यालय आजही पॅरिसमध्येच आहे. प्रारंभी सदस्य केवळ पुरुष असत. स्त्रियांनी १८५६ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे आपली स्वतंत्र शाखा सुरू केली आणि ११० वर्षांहून अधिक काळ दोन्ही संघटना शेजारी शेजारी चालल्या. १९६७ मध्ये त्यांचे एकत्रीकरण झाले. माझ्यासारख्या स्त्रीला आज समान सदस्य म्हणून घरभेटीला जाता येते, आणि आमच्या भागात त्याचे महत्त्व मोठे आहे. घरातील कर्ता पुरुष कामावर गेलेला असताना दाराशी दोन अनोळखी पुरुष उभे राहणे आणि दोन प्रौढ स्त्रिया येऊन बसणे यांत जो फरक आहे, तो पहिल्या भेटीतच जाणवतो.

ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत किंवा कॅनडात आहेत, त्यांनी ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ या कॅथलिक बंधुसंघटनेचे नाव ऐकले असेल आणि ही दोन्ही एकाच प्रकारची असावीत असा त्यांचा समज होतो. दोन्ही संघटनांत बंधुभाव आहे आणि दोन्हींत सेवा आहे, पण उगम वेगळे आहेत. फादर मायकल मॅकगिव्हनी यांनी १८८२ मध्ये कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथे ती संघटना काढली, तेव्हा घरचा कमावता माणूस गेल्यावर स्थलांतरित कॅथलिक कुटुंबे उघड्यावर पडू नयेत, हा हेतू मुख्य होता. म्हणूनच सदस्यांसाठी आयुर्विमा हा तिचा आरंभापासूनचा भाग आहे. तिचे सदस्यत्व कॅथलिक पुरुषांपुरते आहे. विन्सेंट डी पॉल सोसायटीत सदस्याला स्वतःसाठी असा कोणताही लाभ नाही. विमा नाही, कर्ज नाही, पदवी नाही, पोशाख नाही. या दोन रचनांपैकी एक श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असे मी मानत नाही. आपल्या माणसांची काळजी घेण्यासाठी उभी राहिलेली संघटना पुढे समाजासाठीही पुष्कळ करते, हे जगभर दिसते. परंतु सदस्य होऊ पाहणाऱ्याने आपल्याला काय हवे आहे हे आधी ओळखले, तर पुढची निराशा टळते.

आता मिरजेविषयी. सांगली जिल्ह्यात कॅथलिकांची संख्या थोडी आहे. ख्रिस्ती सेवेचे नाव येथे घरोघरी पोहोचले ते मुख्यतः प्रेस्बिटेरियन मिशनमुळे, कारण सर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या रुग्णालयाने या गावाला वैद्यकीय केंद्राचे रूप दिले. आमचा धर्मग्राम पुणे धर्मप्रांतात येतो आणि त्यात रेल्वेच्या नोकरीनिमित्त आलेली, गोव्याकडून आलेली, केरळ व तमिळनाडूतून आलेली आणि मूळची मराठी अशी सर्व प्रकारची कुटुंबे आहेत. अशा लहान समाजात सेवासंघटना आपल्याच माणसांपुरती राहिली असती, तर तिला काम फार उरले नसते. मिरज हे रुग्णालयांचे गाव असल्यामुळे मात्र काम आपणहून चालत येते. जत आणि कवठेमहांकाळकडून, सीमेपलीकडील अथणी आणि चिकोडीकडून माणसे येथे उपचारासाठी येतात. आजारी माणसाला खाट मिळते, पण त्याच्याबरोबर आलेली बायको, म्हातारी आई किंवा शाळा बुडवून आलेला मुलगा यांच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय कोणाच्याच हिशेबात नसते.

सदस्यत्वाचा पहिला भाग म्हणजे सभा. नियमावलीप्रमाणे कॉन्फरन्सने शक्यतो दर आठवड्याला आणि निदान पंधरा दिवसांतून एकदा भेटावे. आमची सभा रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेनंतर, होते. सुरुवातीला प्रार्थना होते, मग थोडे आध्यात्मिक वाचन आणि त्यावर चार शब्द. त्यानंतर मागील सभेचा वृत्तान्त, जमाखर्च आणि भेटींचे अहवाल. शेवटी एक लहान कापडी पिशवी फिरते आणि प्रत्येक जण मूठ आत घालून आपल्याला जमेल ते टाकतो. हे गुप्त संकलन जगातील प्रत्येक कॉन्फरन्समध्ये सभेचा आवश्यक भाग मानले जाते. कोणी किती टाकले हे खजिनदारालाही कळत नाही, त्यामुळे निवृत्त अधिकारी आणि रोजंदारीवर जाणारा सदस्य यांचे स्थान सभेत एकच राहते. हिशेबाच्या जगात आयुष्य काढलेल्या मला ही प्रथा फार मोलाची वाटते. देणाऱ्याचे नाव जेथे लिहिले जाते, तेथे पुढे त्याचे मतही जड होत जाते, हे मी अनेक संस्थांच्या खात्यांवरून पाहिले आहे. एकेकाळी आमच्या कॉन्फरन्सकडून धान्य घेतलेल्या घरातील मुलगा आज आमच्याबरोबर सभेला बसतो आणि पिशवी त्याच्यापुढूनही जाते.

भेटींच्या अहवालांवर मात्र बराच वेळ जातो आणि तो जायलाच हवा. प्रत्येक जोडीने कोणत्या घरी भेट दिली, तेथे काय पाहिले आणि पुढे काय करावे असे तिला वाटते, हे थोडक्यात सांगायचे असते. त्यावर इतर सदस्य प्रश्न विचारतात. मुलगा शाळेत का जात नाही, औषधे कोणत्या दुकानातून घेतात, भाऊबंदांपैकी कोणी विचारपूस करते का, घरभाडे किती महिन्यांचे थकले आहे. नव्या सदस्याला ही चौकशी कोरडी वाटण्याची शक्यता आहे. पण या प्रश्नांमुळेच पुढच्या भेटीत आपण नुसते पिशवी पोहोचवणारे राहत नाही. सभेत ऐकलेले सभेबाहेर बोलायचे नाही, हा नियम कडक आहे, आणि त्याच कारणास्तव या लेखातही मी कोणत्याही कुटुंबाची ओळख पटेल असा तपशील देणार नाही.

संघटनेचा गाभा घरभेट हाच आहे, आणि या परीक्षणात मला सर्वाधिक सांगायचे आहे ते तिच्याविषयीच. भेटीला नेहमी दोघांनी जायचे. नव्या सदस्याबरोबर जुना सदस्य असतो. मला ज्या ज्येष्ठ काकूंबरोबर जाण्याची संधी मिळाली, त्यांची पद्धत पाहूनच मी शिकले. दारात उभे राहून बोलायचे नाही, बसायला सांगितले की बसायचे. घरात खुर्ची नसेल तर सतरंजीवर, तीही नसेल तर जमिनीवर. वही बाहेर काढायची नाही. पहिल्या भेटीत कसलेही वचन द्यायचे नाही, कारण ते पाळण्याचा निर्णय सभेचा असतो आणि वचन मोडले तर ज्याच्याजवळ विश्वासाखेरीज काही नाही, त्याचा तोही जातो. छायाचित्र काढायचे नाही. चहा दिला तर घ्यायचा. ‘बसा की, चहा घेतल्याशिवाय कसं जाल?’ असे त्या घरच्या मावशींनी म्हटल्यावर नकार देणे म्हणजे त्यांच्या हातून देण्याचा हक्क काढून घेणे आहे, असे काकू सांगत असत, आणि अर्ध्या कपासाठी त्या घरातले दूध संपणार आहे हे ठाऊक असूनही त्या चहा घेत असत.

मदतीची रीतही विचारपूर्वक ठरवलेली आहे. आमच्याकडे महिन्याच्या धान्यासाठी बहुतेक कुटुंबांना किराणा दुकानाची चिठ्ठी दिली जाते. कुटुंबाने आपल्या वस्तीतील दुकानात जावे, ज्वारी घ्यायची की तांदूळ, तेल किती आणि चहापूड किती हे स्वतः ठरवावे, आणि दुकानदाराचे बिल कॉन्फरन्सने भागवावे. सिस्टर रोझाली यांच्या चिठ्ठ्यांचा हा वारसा आहे आणि तो टिकण्यामागे कारण आहे. शेजाऱ्यांसमोर रांगेत उभे राहून पिशवी घेणे आणि इतर गिऱ्हाइकांबरोबर दुकानाच्या फळीशी उभे राहून आपले सामान मागणे, यांत घेणाऱ्याच्या मनाला जो फरक पडतो तो देणाऱ्याने कधीही कमी लेखू नये. नाताळच्या आधी मंडप घालून, फलक लावून, एकाच वेळी शेकडो पिशव्या वाटण्याच्या कार्यक्रमांविषयी मला म्हणूनच फारशी आस्था वाटत नाही, मग ते कोणीही केलेले असोत.

धान्याने महिना निघतो, पण प्रश्न सुटत नाही. पुढचे काम कागदपत्रांचे असते, आणि माझ्या मते आपल्या भागात सदस्याने करण्याजोगे सर्वांत उपयुक्त काम हेच आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आज कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे आणि योजनेतील रुग्णालयात रुग्णांना मार्गदर्शन करणाऱ्या आरोग्यमित्राची नेमणूक असते. तरीही खेड्यातून आलेला माणूस प्रथम खिशातील पैसे संपवतो, मग दागिने ठेवतो आणि त्यानंतर कोणीतरी सांगितले म्हणून योजनेच्या खिडकीपाशी पोहोचतो. तोपर्यंत उपचार अर्धे झालेले असतात. शिधापत्रिकेवर रुग्णाचे नाव नसते, आधार कार्डावर आडनावाचे स्पेलिंग वेगळे असते, सुनेचे नाव अजून माहेरच्या पत्रिकेवर असते. सीमाभागातील ८६५ गावांना या योजनेचा लाभ देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये घेतला, पण त्या गावांतून आलेल्या नातेवाइकाला ते ठाऊक असतेच असे नाही. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्यात, ही योजना उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून लागू आहे. तीही विचारावी लागते. विचारण्यासाठी कोण, कुठे आणि कोणत्या शब्दांत, हे माहीत असलेला एक माणूस शेजारी उभा असेल, तर घरातील एक गुंठा जमीन वाचते. हे मी अतिशयोक्तीने लिहीत नाही.

एका रुग्णालयात, ज्याचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही, जत भागातून आलेल्या एका तरुण बाईला नवऱ्याच्या शस्त्रक्रियेसाठी अनामत रक्कम भरण्यास सांगितले गेले होते आणि ती दोन दिवस केसपेपर हातात धरून जिन्याखाली बसून होती. आमच्यातील एका सदस्याने तिला आरोग्यमित्राकडे नेले, गावाकडून शिधापत्रिकेची प्रत मोबाइलवर मागवून घेतली आणि मंजुरी मिळेपर्यंत तिच्यासाठी खानावळीचा डबा लावला. कॉन्फरन्सचा खर्च झाला तो डब्याचा. हाच अनुभव निराधार वृद्धांच्या बाबतीत येतो. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळवण्यासाठी उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, बँकेचे पासबुक आणि तहसील कार्यालयातील फेऱ्या लागतात, आणि पुढे दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. गुडघे दुखणाऱ्या आजींना रिक्षाने तहसील कार्यालयात नेऊन परत आणणे, हे ज्या दिवशी घडते त्या दिवशी सभेच्या अहवालात एकच ओळ लिहिली जाते. त्या ओळीमुळे महिन्याला १,५०० रुपये सुरू होतात आणि आमची धान्याची चिठ्ठी दुसऱ्या घराला देता येते.

सदस्यत्वाची खरी कसोटी २०१९ च्या ऑगस्टमध्ये लागली. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. सांगलीवाडी, गावभाग, मिरजेचा कृष्णाघाट, हरिपूर अशा भागांत पाणी दिवसेंदिवस साचून राहिले. पहिल्या आठवड्यात मदतीचा ओघ महाराष्ट्रातून आला, आणि त्याबद्दल सांगलीकर कायम ऋणी आहेत. परंतु पाण्याच्या बाटल्या, बिस्किटे आणि जुने कपडे यांचे ढीग एका चौकात आणि दोन गल्ल्या सोडून आत काहीच नाही, असे चित्रही पाहायला मिळाले. नियमित घरभेटीचा उपयोग अशा वेळी कळतो. कोणत्या खोलीत अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, कोणाकडे इन्सुलिन ठेवावे लागते, कोण मागायला येणार नाही, हे आमच्या सदस्यांना पुराआधीपासून ठाऊक होते. पाणी ओसरल्यावरचे काम अधिक लांबले. चिखल काढणे, कुजलेले धान्य बाहेर टाकणे, भिजलेल्या शाळेच्या दाखल्यांच्या दुय्यम प्रती मिळवणे, शिलाई यंत्राची मोटर बदलणे. बाहेरून आलेल्या गाड्या परत गेल्यानंतरही हे काम दिवाळी उलटून जाईपर्यंत चालू राहिले, आणि २०२१ च्या पुराच्या वेळी तीच माहिती पुन्हा कामी आली.

पैशांविषयी स्पष्ट लिहायला हवे. लहान धर्मग्रामातील कॉन्फरन्सकडे पैसा थोडा असतो. गुप्त संकलन, चर्चमधील दानपेटी, काही हितचिंतकांच्या देणग्या आणि कधी दुसऱ्या सधन कॉन्फरन्सशी जोडणी होऊन मिळणारे साहाय्य, एवढेच स्रोत. जगभरातील कॉन्फरन्स अशा रीतीने एकमेकींशी जोडल्या जातात आणि पत्रव्यवहार ठेवतात, ही या संघटनेतील मला फार आवडलेली गोष्ट आहे. पैसा साठवून ठेवू नये, असे नियमावली सांगते. गरिबांसाठी आलेला पैसा गरिबांकडे जावा, तिजोरीत राहू नये, हा तिचा आग्रह आहे. बँकेच्या सवयीने मला सुरुवातीला राखीव निधी असावा असे वाटे. आज मला हा नियम पटतो, कारण शिल्लक वाढली की ती सांभाळण्याच्याच चर्चेत सभा संपते. मात्र याचा अर्थ असा की, ज्या कुटुंबाला मोठ्या शस्त्रक्रियेसाठी रोख रक्कम हवी आहे, त्याला येथून ती मिळणार नाही. त्याला योग्य दार दाखवले जाईल आणि त्या दारापर्यंत सोबत केली जाईल.

धर्माच्या प्रश्नाविषयी आपल्याकडे शंका घेतली जाते, म्हणून तिचे उत्तरही येथेच देते. नियमावलीत मदतीसाठी धर्म, वंश, सामाजिक स्थान किंवा राजकीय मत पाहू नये असे स्पष्ट लिहिलेले आहे. आम्ही ज्या घरांत जातो त्यांतील बहुतेक घरे ख्रिस्ती नाहीत. तेथे देव्हाऱ्यासमोर बसूनच आम्ही चहा घेतो. प्रार्थनेची अट नाही, चर्चमध्ये येण्याचे निमंत्रण नाही, पत्रके नाहीत. सभेतील प्रार्थना सदस्यांसाठी असते आणि ती सभेतच राहते. उलट आषाढी वारीला निघालेल्या एका आजोबांच्या चपला आणि छत्री यांची तरतूद करण्याचा ठराव आमच्या सभेत एकमताने झाला, याचा मला मनापासून आनंद आहे. ज्याला सेवेच्या निमित्ताने धर्मप्रचार करायचा आहे, त्याच्यासाठी ही जागा नाही, आणि ती तशी नाही म्हणूनच आमच्यासाठी दारे उघडतात.

पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सर्व निर्णय सभेत होत असल्यामुळे गती कमी राहते. आज पाहिलेल्या अडचणीवर पुढच्या रविवारी चर्चा होते आणि त्यानंतर मदत पोहोचते. अध्यक्षांना तातडीच्या खर्चासाठी थोडी मुभा असली, तरी उत्साही तरुण सदस्याला हा काळ असह्य होतो. रविवार सकाळची वेळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्यांना जमत नाही, आणि संघटनेला पुढची पिढी हवी असेल तर संध्याकाळच्या सभांचा विचार धर्मग्रामांनी करायला हवा, असे मला ठामपणे वाटते. दुसरी अडचण अधिक खोल आहे. वर्षानुवर्षे चिठ्ठी घेणारे घर त्या चिठ्ठीवर विसंबून राहण्याचा धोका खरा आहे. यावर ठरावीक काळाने प्रत्येक कुटुंबाचा फेरविचार करणे हा उपाय आहे, पण ज्यांच्या घरी आपण बसलो, ज्यांच्या मुलांची नावे आपल्याला पाठ आहेत, त्यांची मदत थांबवण्याचा ठराव मांडणे फार जड जाते. अशा प्रसंगी मदत थांबवण्याऐवजी तिचे रूप बदलणे, म्हणजे धान्याऐवजी शिलाई यंत्र, फळांची हातगाडी किंवा मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे शुल्क देणे, हा मार्ग मला सर्वांत योग्य वाटला आहे. दानाने जखमेवर मलमपट्टी होते, पण जखमा होतातच का याचा विचार न्यायाने करायचा असतो, अशा आशयाची मांडणी ओझानाम यांनी केली होती. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या मुलांची शाळा दर हंगामात तुटते, या प्रश्नाला कॉन्फरन्सची चिठ्ठी पुरी पडत नाही. तेथे सदस्यांनी नागरिक म्हणून शिक्षण विभागाकडे आणि ग्रामपंचायतीकडे जायला हवे. ही दुसरी बाजू माझ्या मते अजून पुरेशी बळकट झालेली नाही.

मनाची तयारीही लागते. भेटीहून परतल्यावर झोप न येणाऱ्या रात्री येतील. आपण जे करतो ते अपुरे आहे हे प्रत्येक आठवड्याला दिसेल. काही वेळा फसवणूकही होईल, म्हणजे दोन संस्थांकडून एकाच कारणासाठी पैसे घेतल्याचे उघडकीस येईल, आणि त्या घरी पुन्हा जाऊन पूर्वीसारखेच बसावे लागेल. जोडीने जाण्याच्या नियमाचा येथे आधार वाटतो. परतीच्या वाटेवर बोलायला कोणीतरी असते. सभेतील बंधुभाव म्हणतात तो मला सहलींतून किंवा सणाच्या जेवणातून मिळाला नाही, तो या परतीच्या वाटेवरील बोलण्यातून मिळाला. माझ्या यजमानांच्या आजारपणात प्रथम दारात उभे राहिले तेही हेच सदस्य, आणि त्यांनी तेव्हा सल्ला दिला नाही, नुसते बसून राहिले.

सदस्य होण्याची पद्धत साधी आहे. आपल्या धर्मग्रामाच्या फादरांना किंवा कॉन्फरन्सच्या अध्यक्षांना भेटावे आणि काही सभांना पाहुणे म्हणून बसावे. लगेच नाव नोंदवण्याची घाई करू नये, निदान चार-सहा भेटींना जुन्या सदस्याबरोबर जाऊन यावे आणि मग ठरवावे. प्रवेशशुल्काचा विषय आमच्याकडे कधी निघाला नाही. सभेला नियमित येता येत नसेल, पण कायदा, औषधोपचार, लेखापरीक्षण किंवा सरकारी कार्यालयांची माहिती असेल, तर तसे सांगावे, अशा माणसांची गरज फार आहे. कन्नड बोलता येणाऱ्या व्यक्तीला तर मिरजेत रुग्णालयातील भेटींसाठी नेहमीच काम आहे. ज्यांना मदतीची गरज असलेले घर ठाऊक आहे, त्यांनी घरच्या माणसांना विचारून, त्यांच्या संमतीने, चर्चच्या कार्यालयात पत्ता द्यावा. कुटुंब कोणत्या धर्माचे आहे हे सांगण्याची आवश्यकता नाही. नव्याने येणाऱ्यांना माझी सूचना एवढीच आहे की, २७ सप्टेंबर हा संत विन्सेंट यांचा सण असल्यामुळे त्या सुमारास अनेकांचे लक्ष या कामाकडे वळते, पण पहिली सभा पाहायची असेल तर जून किंवा जुलैमधील एखादा साधा रविवार निवडावा. शाळा सुरू झालेल्या असतात, वह्या-पुस्तकांच्या याद्या आलेल्या असतात, छपरे गळू लागलेली असतात आणि सभेपुढे सर्वांत जास्त घरांचे अहवाल असतात.